रोज संध्याकाळी सहा वाजता, रोख

लिहिणं एक वेळ जमतं. लिहिल्याचे पैसे मागणं जमत नाही. पहिला फोन 'सहजच केला होता' म्हणून करायचा. पावसापाण्याची चौकशी करायची, त्यांच्या मुलाच्या दहावीची करायची आणि शेवटी "बाकी ते आपलं…" म्हणून घुटमळायचं. पलीकडून "अहो, अकाउंट्सला कधीच सांगितलंय!" मग पॅनकार्डाची प्रत, रद्द केलेला चेक आणि शेवटी मार्चअखेर. या छळाने गांजलेल्यांनी कुणाची तसबीर लावायचीच असेल, तर ती हॉलिवूडचा पटकथाकार बेन हेक्टची लावावी असं माझं मत आहे.

१९३१ साली हॉवर्ड ह्यूजेस या कोट्यधीशाला 'स्कारफेस' या गुंडपटाची पटकथा हवी होती. हेक्टने अट घातली: दिवसाला हजार डॉलर, रोज संध्याकाळी सहाला, हातात. म्हणजे ह्यूजेसचं डोकं फिरलं किंवा दिवाळं वाजलं, तरी बुडाली तर एका दिवसाची मजुरी. व्यवहार म्हणून चोख! भोक एकच. रोजंदारीवर काम रेंगाळवायचं असतं, आणि हेक्टला रेंगाळताच येत नसे. पंधरवड्याच्या आत पटकथा लिहून मोकळा झाला. आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याने त्याला बाजूला घेऊन चार गोष्टी शिकवल्या असत्या.

ही घाई शिकागोच्या वर्तमानपत्रांतली. रोज सदर लिहिलेल्या माणसाला प्रतिभेची वाट बघायची सोय नसते. १९२६ मध्ये पटकथाकार मित्र हर्मन मँकिएविझने त्याला हॉलिवूडहून तार केली. आठवड्याला तीनशे डॉलर मिळतील, पण ते किरकोळ समज. इथे लाखोंनी लुटता येतील, स्पर्धेला फक्त मूर्ख आहेत, आणि हे बाहेर फुटू देऊ नकोस, असा मजकूर. हेक्टने जाऊन 'अंडरवर्ल्ड' या चित्रपटाची गोष्ट लिहिली. दिग्दर्शक स्टर्नबर्गने तीत स्वतःची भर घातली, तेव्हा हेक्ट भडकून 'माझं नाव काढा' म्हणाला. नाव राहिलं, आणि १९२९ च्या पहिल्यावहिल्या ऑस्कर समारंभात त्याच गोष्टीला पारितोषिक मिळालं.

नाटकात तो असा रोजच्या रोख पैशांसाठी अडून बसत नसे, आणि त्याला कारण आहे. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यसृष्टीत, नाटककारांच्या संघटनेने १९२६ मध्येच निर्मात्यांशी करार करून घेतला होता: संहितेची मालकी लेखकाची, त्याच्या परवानगीशिवाय शब्द बदलायचा नाही, शिवाय तिकीटविक्रीत वाटा. चार्ल्स मॅकआर्थरबरोबरचं 'द फ्रंट पेज' १९२८ मध्ये आलं. तीन अंक, नेपथ्य एकच, शिकागोच्या फौजदारी कोर्टातली पत्रकारांची खोली, आणि फाशीचा फरारी कैदी दडवलाय तो लिहायच्या टेबलात. शेवटी संपादक नोकरी सोडणाऱ्या बातमीदाराला प्रेमाने स्वतःचं घड्याळ भेट देतो आणि तो गाडीत बसल्यावर पोलिसांना कळवतो, घड्याळ चोरून पळालाय, धरा. नाटकात ही शेवटची ओळ सणसणीत शिवीसकट पडते. १९३१ च्या चित्रपटात नेमक्या शिवीच्या क्षणी टाइपरायटर खडखडतो. १९४० मध्ये त्याच नाटकावरून आलेल्या 'हिज गर्ल फ्रायडे'त बातमीदाराची बाईच झाली! सिनेमात हक्क एकदा विकले की कागद स्टुडिओचा, बातमीदारही स्टुडिओचा. हातात उरायचे ते पैसे, म्हणून ते सहा वाजता.

त्यातला कळस १९३९ चा. 'गॉन विथ द विंड'चं चित्रीकरण अडलेलं, पटकथेचं गाठोडं झालेलं. निर्माता सेल्झनिक आणि दिग्दर्शक फ्लेमिंग रविवारी पहाटे हेक्टच्या उशाशी हजर. करार एक आठवड्याचा, पंधरा हजार डॉलर. हजारावर पानांची मूळ कादंबरी हेक्टने वाचलेली नव्हती, वाचायला वेळही नव्हता. मग आधीचा पटकथाकार सिडनी हॉवर्डचा जुना मसुदा शोधला, आणि सेल्झनिक व फ्लेमिंग प्रसंग करून दाखवू लागले, हा कोचावर पडून लिहू लागला. दिवसाला अठरा-वीस तास. सेल्झनिकच्या मते जेवणाने मेंदू सुस्तावतो, म्हणून आहार केळी आणि खारे दाणे. (उपवासाला हेच खाऊन आपल्याकडे दुपारी झोपतात.) चौथ्या दिवशी फ्लेमिंगच्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली आणि पाचव्या दिवशी सेल्झनिक केळं खाताखाता कोसळला, असं हेक्ट आत्मचरित्रात सांगतो. आत्मचरित्रही पटकथाकाराचंच, तेव्हा केळ्यापुरती सूट द्यावी. पडद्यावर नाव एकट्या हॉवर्डचं. तो बिचारा त्याच ऑगस्टमध्ये स्वतःच्या शेतावर ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. ऑस्कर मरणोत्तर मिळालं.

हेक्टची नावाबद्दल तक्रार नव्हती. नाव खरोखर महागात पडलं ते पुढे. पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या ज्यूंची त्याने जाहीर तरफदारी केली, तेव्हा १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या चित्रपटगृहवाल्यांनी त्याच्या चित्रपटांवर बहिष्कार घातला. हॉलिवूडला ब्रिटनचा गल्ला सोडवत नव्हता आणि हेक्टचं लिखाणही. निर्मात्यांनी तोडगा काढला: लिहा तुम्हीच, नाव घालणार नाही, आणि नाव नाही म्हटल्यावर दर निम्मा.