हौसेचे दहा उंदीर

मला झोपेत दात खायची सवय आहे. दिवसा ज्यांच्यावर दात-ओठ खायला हवेत त्यांच्याशी मी गोड बोलते आणि रात्री तो हिशेब चुकता करते, असं घरच्यांचं निदान आहे. सकाळी उठले की कानापुढे ठणका, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. दातांच्या डॉक्टरांनी नाईट गार्ड दिलं, रात्री दातांवर चढवायचं. दीड वर्षात मी अशी तीन चावून टाकली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि म्हणाले, "बोटॉक्स घेऊन बघा." चावायचा जो जाड स्नायू असतो, मॅसेटर, तो जरा ढिला पडला की दातांवरचा जोर कमी होतो.

ज्यांच्याकडे त्यांनी पाठवलं त्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी जबडा चाचपता चाचपता माझ्या भुवयांच्या मधे बोट ठेवलं. "हेही करून टाकायचं का? आलाच आहात तर?"

तोपर्यंत त्या आठ्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. तरी मी "हो" म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. ज्यांनी विचारलं त्यांच्यावरच तर हा सगळा राग आहे.

इंजेक्शनच्या दिवशी वेटिंग रूममध्ये सात-आठ माणसं होती. काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडली आणि फलाटावरच्या घोषणेच्या आवाजात विचारलं, "जबडा पन्नास, कपाळ वीस ना मॅडम?"

शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी मान वळवली. ते मानेवरची चामखीळ काढून घ्यायला आले होते, हे त्यांनी मला न विचारता आधीच सांगितलं होतं.

"पन्नास काय?"

"युनिट."

"कसले?"

"इंजेक्शनचे. जबडा दुखतो माझा. झोपेत दात खाते."

"जंत असतील. जंताचं औषध घेतलंत?"

"नाही हो काका, तसं नाही ते."

"बरं. आणि कपाळही दुखतं?"

"हो" म्हणून मोकळं व्हायची ही आयती संधी होती. मी ती सोडली. "नाही, ते आपलं... आलेच होते म्हणून."

"हं," काका म्हणाले. या एका अक्षरात त्यांनी मला सोलून ठेवलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाचायला लागले. गणिताचे निवृत्त शिक्षक होते. (हेही आपणहून.) पाचेक मिनिटांनी अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणाले, "ताई, विष आहे की हे! आणि एक युनिट म्हणजे किती माहितेय? उंदरांच्या एका गटाला प्रत्येकी इतकं टोचायचं, की त्यातले निम्मे मरतात. तेवढं म्हणजे एक युनिट."

एका मुलीने कानातले इअरफोन काढले.

"आता तुम्हाला पन्नास अधिक वीस. सत्तर. म्हणजे सत्तर उंदीर, प्रत्येकी एक युनिट. निम्मे गेले. पस्तीस." त्यांनी बोटांवर पुन्हा पडताळून पाहिलं, जणू निम्म्यात चूक व्हायची भीती होती. "त्यातले जबड्याचे पंचवीस. आणि हौसेचे दहा."

"अय्या, उंदरांपासून बनवतात का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"बनवत नाहीत हो. मारतात."

मी म्हटलं, "काका, माणसाच्या मानाने हा डोस अगदी किरकोळ असतो."

"असेल. मी उंदरांच्या बाजूने बोलतोय."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उठले तेव्हा इअरफोनवाली माझ्याकडे अशी बघत होती, जणू माझ्या पर्समधून एखादी शेपटी बाहेर लोंबतेय. चिडायला काका चुकीचं बोलले असते तर बरं झालं असतं. त्या एककाची मूळ व्याख्या खरोखरच उंदरांवर बेतलेली आहे.

सुया बारीक होत्या, दहा मिनिटांत उरकलं. चार तास आडवं व्हायचं नाही, चेहरा चोळायचा नाही. म्हणून ताठ बसून मीही वाचत सुटले. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं, आणि त्यातले काही दगावले. त्या प्रकरणातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हे विष तयार करणारा जंतू शोधला. बोटॉक्सच्या नावामागचं बोटुलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, कारण त्याआधी जर्मनीत लोक सॉसेज खाऊन असेच मरत होते. पुढे अ‍ॅलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच विष तिरळेपणावर वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याआधीच व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स यांच्या एका रुग्णबाईच्या लक्षात आलं, की फडफडणाऱ्या पापणीवरच्या इंजेक्शनने कपाळ छान दिसतं. या जीनबाई आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती यांनी सुरकुत्यांसाठी पहिली सुई टोचली ती आपल्याच दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला. तिने स्वतःचं कपाळ पुढे केलं. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी माझं केलं.

भुवयांमधल्या आठ्यांना अमेरिकेत २००२ मध्येच रीतसर मान्यता मिळाली. जबड्याच्या दुखण्यासाठी ते अजून ऑफ-लेबल, म्हणजे रीतसर मान्यतेबाहेरचं. माझ्या पावतीवरही दोन्ही मिळून एकच ओळ आहे: सौंदर्योपचार.

ही ओळ मला अजून खुपते आहे. दीड वर्ष मी दुखतंय, दुखतंय म्हणत होते तेव्हा "टेन्शन घेऊ नकोस" याशिवाय काही ऐकलं नाही. जणू टेन्शन कुठेतरी वाढून ठेवलेलं असतं आणि मीच आग्रहाला बळी पडून जास्त घेते. आता ठणका निम्म्यावर आलाय, घास चावता चावता जबडा दमतो, सकाळ अजूनही अवघडच जाते. पण हे सांगायला तोंड उघडलं की समोरचा म्हणतो, "काय गं, फ्रेश दिसतेस! कुठे जाऊन आलीस?" दुखतंय याचा उघड दिसणारा पुरावा म्हणजे त्या दोन आठ्या होत्या. त्यांनाच मी पैसे देऊन गप्प केलं.

परवा पंधरा दिवसांनी दाखवायला गेले. काका होतेच. चामखीळ दुसऱ्या बाजूला उगवली होती. त्यांनी चष्मा वर करून माझं कपाळ तपासलं, उत्तरपत्रिका तपासावी तसं.

"हे उत्तम झालंय. जबडा?"

"पन्नास टक्के."

"म्हणजे हौसेचे दहा सत्कारणी लागले. जबड्याच्या पंचवीसमधले साडेबारा फुकट गेले."

मी जमेल तितक्या रागाने बघितलं.

"राग नाही आला ना?" काका म्हणाले. "बरं वाटलं. हल्ली माणसं फार पटकन चिडतात."

तेवढ्यात काउंटरवरून घोषणा झाली, "मॅडम, असर तीन-चार महिनेच राहतो. पुढच्या वेळी पण जबडा पन्नास, कपाळ वीस, तसंच ठेवू?"

खोली गप्प झाली. मी काउंटरपाशी गेले, अगदी वाकले आणि हळूच म्हटलं, "तसंच ठेवा."

मागे काकांची बोटं हलायला लागली होती. "पस्तीस आणि पस्तीस..."