रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचे निष्ठावंत चाहते व्हायचंय?

सोपं आहे. नवा अल्बम आला की नाक मुरडायचं आणि मागचा कसा थोर होता ते सांगायचं. बाकी सगळं सवयीने जमतं.

सुरुवात ‘क्रीप’पासून करा, म्हणजे ते गाणं आपल्याला आवडत नाही हे सांगण्यापासून. 1992 साली ते आलं तेव्हा ब्रिटनमध्ये फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी जगभर गाजलं. कोरसच्या तोंडावर गिटारचे दोन-तीन खडाखड दणके बसतात ना, ते बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडने गाणं मिळमिळीत वाटलं म्हणून वैतागून हाणलेले. तेच लोकांना आवडले. पुढे बँडलाच त्या गाण्याचा कंटाळा आला, मग तुम्ही कोण लागून गेलात?

1997 च्या ‘ओके कॉम्प्युटर’ अल्बमवर मात्र मनसोक्त प्रेम करा. पण ‘किड ए’ हा पुढचा अल्बम निघाल्यावर. कारण 2000 साली या मंडळींनी घरात तीन-तीन गिटारवाले असताना गिटार कोपऱ्यात ठेवली आणि सिंथेसायझर, ओंद मार्तनो नावाचं जुनं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य, ब्रासवाले असं सगळं आणलं. सिंगल म्हणून वेगळं काढलेलं एखादं गाणं नाही, रीतसर व्हिडिओ नाही. इथे ‘संपले बिचारे’ म्हणायचं. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला? लोकांना काय कळतं! थोडी वर्षं जाऊ द्या, मग ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं’ म्हणायला मोकळे.

2007 मध्ये ‘इन रेनबोज’ त्यांनी ‘द्याल ती किंमत’ म्हणत इंटरनेटवर ठेवला. अशा वेळी किमतीच्या चौकटीत शून्य टाकावं आणि कलावंताच्या आर्थिक स्वातंत्र्यावर लांबलचक पोस्ट लिहावी.

2015 चा ‘जुनून’ही तोंडी लावायला ठेवा. तो रेडिओहेडचा नव्हे. ग्रीनवुडने इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादकांबरोबर जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ध्वनिमुद्रित केलेला. ‘आपल्या संगीताची दखल घेतली हो’ असं भरल्या गळ्याने सांगा. त्या वादकांपैकी एकाचंही नाव ठाऊक असायची गरज नाही.

आणि ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणं. 1995 पासून बँडचा गायक टॉम यॉर्क ते मैफलीत गिटारवर गायचा. स्टुडिओत कधी करणार, म्हणून वीस वर्षं भुणभुण लावायची. 2016 मध्ये ते पियानोवर आलं, की म्हणायचं: छे, गिटारवरचंच बरं होतं.