एफ५ दाबून रॅम साफ होत नाही, मामा

'दर तासाला दहा वेळा एफ५ दाबा. रॅम साफ होते, कॉम्प्युटर पळायला लागतो, व्हायरस निघून जातात, अडकलेलं पेमेंटसुद्धा पुढे सरकतं.' फॅमिली ग्रुपवर मामांनी हे टाकलं, खाली अंगठ्यांची रांग लागली. मी सोडून देणार होतो. पण काल मामांचं लाइटबिल दोनदा भरलं गेलं.

म्हणून आधी पेमेंट. चक्र फिरत असताना एफ५ दाबलं की ब्राउझर तेच पान पुन्हा मागवतो. ते पान फॉर्म भरून आलेलं असेल, तर 'तोच फॉर्म परत पाठवू का?' असं विचारतो. मामांनी न वाचता हो म्हटलं. 'रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका' ही सूचना तिथे शोभेला लावलेली नसते! दुसऱ्यांदा आलेली मागणी प्रत्येक साइट अडवेलच असं नाही. अडकलं तर आधी खात्यातून पैसे गेलेत का ते बघा, मग कीबोर्डला हात लावा.

आता रॅम, म्हणजे चालू कामासाठी कॉम्प्युटर वापरतो ती मेमरी. डेस्कटॉपवर एफ५ दाबलं की विंडोज तिथली यादी पुन्हा वाचतं आणि आयकॉन पुन्हा काढतं. बस. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या शॉर्टकट-यादीत एफ५ पुढे एवढंच आहे: चालू विंडो रिफ्रेश करणे. मेमरीचा म सुद्धा नाही. पटत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, मेमरीचा आकडा बघा आणि डेस्कटॉपवर जाऊन हवं तितकं एफ५ बडवा. आकडा उतरवायचा तर ब्राउझरचे उघडे टाकलेले टॅब बंद करावे लागतात. आयकॉन लुकलुकले की झाडून काढल्यासारखं वाटतं खरं. सायबर कॅफेत बसल्याबसल्या राइट क्लिक-रिफ्रेश मीही पुष्कळ केलंय.

व्हायरसबद्दल काय बोलणार? आयकॉन पुन्हा काढल्याने फाइल पुसली जात नाही.

बरं, एक मान्य. ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये कुणी टाकलेली फाइल दिसत नसेल, तर एफ५ने दिसू शकते. वेबपान जुनंच दिसत असेल तर कंट्रोल-एफ५ दाबा, साठवलेली प्रत सोडून ब्राउझर नवी आणतो.

बाकी हे बटण सगळीकडे रिफ्रेशही करत नाही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू होतो, नोटपॅडमध्ये तारीख-वेळ उमटते. मामांना तिथेच दहा वेळा दाबायला लावलं. "अरे, ही तर नुसती आजची तारीख छापतेय," म्हणाले.

जादा भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते होतील म्हणे. मेसेज मात्र अजून ग्रुपवरच आहे.