चार मिलिमीटरचा छळ
जुन्या गाडीला बाहेरचं स्टिअरिंग बसवणं सोपं असतं म्हणे! सांगणाऱ्याला एकदा माझ्या जागी बसवा. आधी बॉस किट, म्हणजे स्टिअरिंगचं चाक गाडीच्या शाफ्टला जोडणारा मधला तुकडा, शोधत फिरा, कारण शाफ्टचे दाते जुळायला हवेत. ते मिळालं की पुढची भानगड: मोमो कंपनीच्या स्टिअरिंगची बोल्टची सहा भोकं 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर, नार्डी कंपनीची 74 च्या. चार मिलिमीटरसाठी एवढा हट्ट कशाला रे बाबांनो? बरं, देखणं दिसतं म्हणून 350 मिलिमीटर व्यासाचं छोटं घेतलं, तर पॉवर स्टिअरिंग नसलेल्या या म्हातारीला पार्क करताना खांदे निखळायची वेळ येते. वर स्पीडोमीटर नेमका कडेआड लपतो. आणि हॉर्न? वाजतो की. फक्त डावीकडे वळताना, आपोआप.