सकाळी रेडिओ ऐकलात का?

रेडिओवरचा विनोद एक वेळ सोसतो. सोसत नाही तो ऐकणाऱ्याचा अभिप्राय. इंदुरात तर हा अभिप्राय पोह्यांबरोबरच समोर येतो, वरून जीरावन मसाला भुरभुरवलेला, आणि नको म्हणायची सोय नसते. "सकाळी रेडिओ ऐकलात का?" या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर मत ऐकावं लागतं. 'नाही' म्हटलं तर आधी विनोद ऐकावा लागतो आणि मग मत.

मतं देण्यात पहिला मान ज्येष्ठांचा. रामबाग असो की लोकमान्य नगर, निकाल एकच: "आता पहिल्यासारखं राहिलं नाही हो." पहिल्यासारखं म्हणजे विविध भारतीवरचा 'हवामहल'. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, आणि पंधरा मिनिटांच्या झलकीची रात्री आठची वेळ कित्येक घरांत जेवणाच्या पाटाला जुळवलेली असायची. आता आठला काय लावता असं विचारलं तर उत्तर येतं, "मालिका." म्हणजे पहिल्यासारखं राहिलं नाही हे न ऐकताच कळतं. ज्या आजींचं माहेर मुंबईचं, त्या याच्याही वर जातात. "आमच्या मुंबई केंद्रावर 'प्रपंच' ही श्रुतिका लागायची. त्यातले टेकाडे भावजी!" एवढं म्हणून त्या पदराआड हसत सुटतात. भावजी काय बोलायचे ते सांगत नाहीत. नाव घेतलं की काम भागतं.

खास इंदूरचा अभिमान म्हणजे नंदाजी-भेराजी. आकाशवाणी इंदूर १९५५ चं, मालवा हाउसमधलं. तिथल्या खेतीच्या कार्यक्रमातली ही माळवी बोलणारी जोडी. विषय बियाणं, खत, कीड. पण ज्यांची शेती कुंडीतल्या तुळशीपाशी संपते, असे शहरातले लोकही त्यांच्या गप्पांसाठी कान देऊन बसायचे. युरियावर हसवणं सोपं नाही, हे मी मान्य करतो.

आणि खरं सांगायचं तर, म्हातारी मंडळी एका बाबतीत अगदी बरोबर आहेत, फक्त त्यांना कारण सांगता येत नाही. कारण आहे थांबण्याचं. जुन्या नभोनाट्यात तीन-चारच पात्रं असायची, कारण त्याहून जास्त आवाज कानाला वेगळे ओळखू येत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याला नावाने हाक मारायचा, "अरे रमेश, तू इथे?" नाहीतर रमेश आहे हे कळणार कसं? बेल वाजल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. (आमच्याकडे बेल असूनही माणूस रस्त्यावरूनच "भिया ऽ ऽ" ओरडतो, तो भाग निराळा.) बेल, मग पावलं, मग कपबशीचा आवाज, मग वाक्य, आणि वाक्यानंतर क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात ऐकणारा हसायचा. हसण्याची जागा लिहिणारा राखून ठेवायचा.

आताच्या एफएमवर ही जागा सापडत नाही. हवेत शांतता पसरली म्हणजे यंत्र बिघडलं, असाच समज. मग बोलण्याखाली सतत ठेका वाजत राहतो, विनोदाच्या टोकाला 'टुंग' होतं, त्या 'टुंग'वर स्टेशनचं नाव आदळतं आणि लगेच बिल्डरची जाहिरात: विजय नगरपासून फक्त काही मिनिटांवर. माणूस हसायला तोंड उघडतो तोवर त्याला टू-बीएचके मिळालेला असतो. निवेदक मुलं हुशार असतात. सकाळचे चार तास एकट्याने ओढणं म्हणजे खायचं काम नाही. पण दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यात पात्र उभं करायचं, भांडण लावायचं, टोक गाठायचं आणि तोच तुकडा दिवसभर पुन्हा पुन्हा वाजवायचा, यात थांबायला वेळ कुठून आणणार?

दुसरा पक्ष 'सगळं ठरवून केलेलं असतं' वाल्यांचा. मुद्दा फोन करून माणसाला चिडवण्याचा. आर.जे. नावेदचा 'मिर्ची मुर्गा' आणि रौनकचा 'बउआ' यांनी हा प्रकार घराघरांत नेला, आणि तेव्हापासून पलासियाच्या सिग्नलवर प्रत्येक रिक्षात एक न्यायाधीश बसलेला असतो. खरं-खोटं मी ठरवत नाही, पण वाद घालायचा तर कान लावून घाला. पूर्वी एक सोपी खूण होती. साध्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणून पलीकडचा माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटायचा. तो स्टुडिओतल्यासारखा खणखणीत वाटला की शंका घ्यायची. ही खूण आता मेली. नव्या फोनवर आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जातो, चिडलेला माणूसही स्वच्छ ऐकू येतो. उरली दुसरी खूण: खरा चिडलेला माणूस समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. दोघं एकमेकांच्या अंगावर बोलतात, "हॅलो, कोण, कोण बोलतंय?" हेच चारदा होतं. जो शिव्या द्यायच्या आधी समोरच्याचं संपेपर्यंत थांबतो, तो एक तर नट असतो, नाही तर पुण्याचा.

आणि एक तक्रार आम्हा मराठी लोकांची, ती मात्र मी जोरात करतो. हिंदी विनोदात मराठी माणूस आला की तो हवालदार असतो, किंवा ती कामवाली बाई असते. "आई गं" आणि "मेरेको" एवढ्यावर पात्र तयार. दोनशे-अडीचशे वर्षं होळकरांच्या गावात राहून आम्ही "मी येऊन राहिलोय ना यार" अशी खास आपली मराठी घडवली. तिच्यात विनोदाची खाण आहे, आणि तिच्यावर एकही पात्र नाही! यावर 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात सगळे माना डोलावतात. मग तिसरी घंटा होते.

बरं, मत बनवण्यासाठी आधी विनोद धड ऐकू यावा लागतो. त्याची तऱ्हा वेगळीच. मीडियम वेव्हवर इंदूर ६४८ किलोहर्ट्झवर लावा आणि स्वयंपाकघरात चटणी सुरू करा. मिक्सरच्या मोटारीतले कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात आणि ती खरखर थेट रेडिओत शिरते. स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जरही हेच करतो. उपाय म्हणजे रेडिओ हळूहळू फिरवणं, कारण आतली फेराइटची कांडी, म्हणजे मीडियम वेव्हचा एरियल, एका दिशेला बहिरी असते. ती बहिरी बाजू चार्जरकडे आली की खरखर बसते. फक्त तीच बाजू स्टेशनाकडे असली तर विनोदही बसतो. एफएमवर मिक्सर आत शिरत नाही, बाहेरून बोंबलतो. एफएमचा एरियल पाऊण मीटरच्या आसपास ताणलेला हवा. घरोघरी तो अर्धा तुटलेला असतो आणि उरलेल्यावर कपड्यांचा चिमटा लावलेला असतो. मोबाइलवर एफएम लावायचं तर तारवाला इयरफोनच लागतो, कारण ती तारच एरियल. नव्या मोबाइलला तो खोचायला भोकच नाही. मग पोरं अ‍ॅपवर ऐकतात, आणि अ‍ॅपवरचा आवाज हवेतल्या आवाजापेक्षा बराच मागे असतो. स्वयंपाकघरात आई हसून मोकळी होते, मग खोलीत मुलगा हसतो, आणि आई विचारते, "आता कशाला हसलास?"

या सगळ्यातून वाचलात तर नेमक्या शेवटच्या वाक्याला कचरागाडी येते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावात तिच्या गाण्यापुढे कुठलाही निवेदक टिकत नाही. ओला-सुका वेगळा करून परत येईपर्यंत रेडिओवर गाणं लागलेलं असतं.

म्हणूनच पुन्हा सांगणाऱ्या काकांची चलती आहे. त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. ते आधी स्वतः हसून घेतात, मग सुरुवात करतात, मग "नाही नाही, त्याच्या आधी तो काय म्हणतो..." म्हणून मागे जातात, आर.जे.चा आवाज काढतात, बाईचा काढतात, 'टुंग'सुद्धा तोंडाने वाजवतात. "काका, ऐकलाय मी" म्हणून सुटका होईल असं वाटत असेल तर काका तुम्हाला अजून भेटलेले नाहीत. त्यांचा चेहरा उजळतो, ते जिलबीची बशी बाजूला सरकवतात आणि म्हणतात, "वा! मग तुम्हीच सांगा बघू, शेवटी ती बाई त्याला काय म्हणते? मला तिथेच नेमका फोन आला."