शंकेचा शॉट परत का खेळू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लेखात लिहिलं होतं की मित्रामित्रांत पूल (टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे कडेच्या खाचेत, घालायचा खेळ) खेळताना फाउल, म्हणजे नियमभंग, झाला की नाही हे ठरतच नसेल, तर शंकेचा फायदा खेळणाऱ्याला द्यावा. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. असं केलं तर लबाडाचं फावतं. वाद झालाच तर सरळ शॉट परत खेळावा. आणि शनिवारी संध्याकाळी चार मित्र मजेसाठी जमतात, तिथे नियमपुस्तक उघडणं म्हणजे रंगाचा बेरंग. तिसऱ्यात तथ्य आहे, त्यावर नंतर येतो. दुसरा मात्र मला अजिबात मान्य नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शॉट परत खेळायचा तर बॉल होते तिथे परत ठेवायला हवेत. पण होते कुठे? एक म्हणतो व्हाइट (काठीने, म्हणजे क्यूने, मारायचा पांढरा बॉल) कुशनपासून, म्हणजे टेबलाच्या कडेपासून, वीतभर लांब होता, दुसरा म्हणतो चार बोटं. एका वादाचे दोन होतात. शिवाय ‘परत खेळ’ची सवय एकदा लागली की समोरच्याचा चांगला शॉट बसला रे बसला की शंका काढायचा मोह होतो, कारण शंका काढणाऱ्याचं काहीच जात नाही. तुम्हाला लबाडाची काळजी वाटते ना? मग त्याला सर्वांत सोयीचा नियम हाच आहे.

हे मी अनुभवाने बोलतोय. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका तळघरातल्या पूल पार्लरमध्ये आम्ही दर शनिवारी जमायचो. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे, एवढीच पैज. एकदा माझा मित्र शेवटच्या दोन बॉलवर होता. व्हाइट आणि त्याचा पिवळा बॉल यांच्यात नखभर फट, आणि पिवळा सरळ पॉकेटच्या रेषेत. त्याने क्यू आडवा धरून सरळ मारला. पिवळा पॉकेटमध्ये गेला आणि व्हाइट त्याच्या पाठोपाठ तितक्याच वेगाने निघाला. मी म्हटलं फाउल (का, ते पुढे सांगतो), तो म्हणाला कसला फाउल. पार्लरचा मार्कर, म्हणजे गुण मांडणारा माणूस, दुसऱ्या टेबलावर होता. शेवटी शॉट परत खेळला, त्याचा चुकला आणि डाव मी जिंकलो. पुढचे दोन महिने तो आलाच नाही. फाउल झाला होता असं मला आजही वाटतं, पण तो डाव मी जिंकायला नको होता, हेही तितक्याच ठामपणे वाटतं. कारण व्हाइट इतका जवळ आहे हे मला आधीच दिसत होतं आणि तरी मी गप्प बसलो होतो.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. शंका शॉटच्या आधी काढायची. स्पर्धेत शॉट अवघड दिसला की रेफ्रीला टेबलाशी बोलावतात, तो वाकून बघतो, मगच शॉट होतो. आपल्याकडे रेफ्री नसतो, पण मार्कर असतो, शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं, आपल्यातलाच तिसरा रिकामा बसलेला असतो. “जरा बघ रे, हा जवळचा आहे” एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात. त्याने जे सांगितलं ते दोघांनी मान्य करायचं. आणि ज्याने आधी कुणाला बोलावलं नाही, त्याने नंतर खेळणाऱ्याचा शब्द मानायचा. म्हणून मी फायदा खेळणाऱ्याला देतो. आंतरराष्ट्रीय नियमांचाही कल असाच आहे. व्हाइट दोन बॉलना जवळजवळ एकाच वेळी लागला आणि आधी कुठला हे कळलं नाही, तर ज्याला आधी लागायला हवा त्याच बॉलला आधी लागला असं धरतात. पुढचा शॉट सुरू होईपर्यंत फाउल पुकारला नाही, तर तो झालाच नाही.

आता तो नखभर फटीचा शॉट, कारण माझ्या पाहण्यात निम्मे वाद यावरूनच होतात. पूलचे बॉल जवळजवळ सारख्या वजनाचे असतात. त्यामुळे व्हाइट समोरच्या बॉलवर बरोबर मध्यावर आदळला की जवळजवळ सगळा वेग त्याला देऊन टाकतो आणि जागीच थबकतो. वरच्या बाजूला मारला असेल तर फिरकीमुळे क्षणभर थांबून हळू पुढे सरकतो. पण जवळच्या बॉलवर सरळ मारल्यावर दोघे जोडीने, सारख्याच वेगाने पळाले, तर समजायचं की क्यूच्या टोकाने व्हाइटला दुसऱ्यांदा ढकललंय. तो फाउल. बघणाऱ्याने क्यूकडे नाही, व्हाइटच्या वेगाकडे बघायचं. मोबाइलच्या स्लो मोशनचा भरवसा धरू नका. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन चित्रांमध्ये सुमारे ४ मिलिसेकंद जातात आणि टोक बॉलला टेकून असतं ते साधारण १ मिलिसेकंद. तो क्षण दोन चित्रांच्या मधे निसटू शकतो. नंतरचा वेग मात्र साध्या डोळ्यांनाही दिसतो.

बॉल खरोखर चिकटलेलेच असतील तर गोष्ट निराळी. पूलमध्ये त्या बॉलच्या दिशेने मारायला परवानगी आहे, फक्त चिकटलेत हे शॉटच्या आधी समोरच्याकडून वदवून घ्यायचं. स्नूकर या पूलसारख्याच दुसऱ्या खेळात उलट, चिकटलेल्या बॉलला न हलवता व्हाइट दूर मारावा लागतो. स्नूकर जन्मलाच आपल्याकडे, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत. आपल्याकडचे कितीतरी पूल खेळणारे आधी स्नूकर शिकलेले असतात. मी आणि माझा मित्र त्यातलेच. त्यामुळे दोघंही प्रामाणिक असतात, फक्त दोन वेगळे खेळ डोक्यात धरून भांडत असतात. ज्यांना तुम्ही लबाड म्हणता, त्यातले बरेचसे असे निघतील. शर्टाची बाही चुकून दुसऱ्या बॉलला लागली तर स्नूकरमध्ये तो फाउल आहे. पूलमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त व्हाइटला लागलं तर फाउल धरतात, बाकीचा बॉल समोरच्याला हवा तर जागेवर ठेवतात.

आता तुमचा तिसरा मुद्दा. पहिल्यांदाच क्यू हातात घेतलेल्या माणसाला “बॉलला लागल्यावर एकही बॉल कुशनला गेला नाही, फाउल!” असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे, हे मला पटतं. तो नियम कुणी व्हाइट नुसता हळूच टेकवून डाव रेंगाळवू नये म्हणून आहे, आणि नवशिक्याच्या मनात तसलं काही नसतं. फाउलनंतर व्हाइट हवा तिथे ठेवायची मुभाही पट्टीच्या खेळाडूला देऊ नका. डावाचा पहिला शॉट जिथून मारतात त्या रेषेच्या मागे ठेवायला सांगा. लेखात मी हे सगळे नियम सरसकट सांगितले ती माझी चूक, दुरुस्त करतो. पण सवलत ठरवायची ती ब्रेकच्या, म्हणजे त्या पहिल्या शॉटच्या, आधी. निम्म्या डावात दिलेली सवलत दुसऱ्याला अन्यायच वाटते.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं की शेवटच्या ब्लॅकवर, म्हणजे काळ्या बॉलवर, मारताना ब्लॅक राहिला आणि व्हाइट पॉकेटमध्ये गेला, तर डाव हरला का? नाही. फाउल झाला, समोरच्याला व्हाइट हवा तिथे ठेवायला मिळाला, एवढंच. दोन्ही गेले तर मात्र डाव गेला. बऱ्याच पार्लरमध्ये नुसता व्हाइट गेला तरी हार धरतात, तेव्हा सुरुवातीला बॉल रचतानाच विचारून घ्या.