जुने फोटो ग्रुपवर टाकले म्हणजे जपले?

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धावपळ सुरू झाली की कोकणातल्या ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. ‘जुने अल्बम बुरशीला कशाला घालता? मोबाईलने फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका, गुगलवर फुकटात कायमचे राहतील. मूळ फोटो टाकून द्या. पुरात भिजलेले तर गेलेच समजा.’

बुरशीचं खरं आहे. फोटोवरचा जिलेटिनचा थर तिला खायला आयता मिळतो, त्यात आपली पावसाळी हवा. बाकी सगळ्याला हरकत आहे.

ग्रुपवर फोटो वाटला जातो, जपला जात नाही. व्हॉट्सॲप पाठवताना तो दाबून लहान करतं. लग्नाच्या फोटोत मागे उभी असलेली आत्या मोठं करून बघितली तर नुसते ठिपके. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण तसं पाठवतो कोण? पुढे फोन भरला की ‘शुभ सकाळ’बरोबर आजोबाही साफ.

गुगलची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी, त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह. शिवाय खातं दोन वर्षं वापरलंच नाही, तर गुगल ते पुसू शकतं. म्हातारं माणूस गेल्यावर त्याचा पासवर्ड घरात कुणाला ठाऊक असतो?

मूळ टाकून द्या म्हणणाऱ्याने फोटो कधी उलटा करून बघितला नसावा. मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं, स्टुडिओचा शिक्का. मोबाईलवर येते ती पुढची बाजू, तीही ट्यूबलाइटच्या चकाकीसकट.

आता भिजलेल्यांचं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग रस्त्यावर आले होते. ओला फोटो लगेच गेला असं नसतं. चिकटलेल्या स्थितीत वाळला की मात्र सुटत नाही. म्हणून ओले आहेत तोवरच स्वच्छ गार पाण्यात सोडा, अलगद वेगळे करा. चित्राला बोट लावू नका, चिखल पाण्यानेच जाऊ द्या. मग चित्राची बाजू वर ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळवा. ऊन नको, इस्त्री तर नकोच. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने काढा.

आणि स्कॅन जरूर करा, दोन्ही बाजूंनी. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी गणपतीला आलेल्या चाकरमान्याबरोबर मुंबईला. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी डोंबिवलीपर्यंत जात नाही.